२०११ चा एसी काढून नवीन ५ स्टार इन्व्हर्टर बसवला, नागपूरचा अख्खा उन्हाळा काढल्यानंतरचा रिव्ह्यू

पहिले निकालच सांगून टाकतो, बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. मशीन उत्तम, घ्याच. दुकान ठीक. बसवायला येणाऱ्यांजवळ मात्र शेवटपर्यंत उभं राहावं लागतं, नाहीतर ५ स्टारचे पैसे देऊन ३ स्टारची हवा खात बसाल. आता सविस्तर, लांबेल थोडं.

आमच्या बेडरूममध्ये २०११ सालचा दीड टनाचा स्प्लिट होता, ३ स्टार, साधा म्हणजे नॉन-इन्व्हर्टर (कॉम्प्रेसर एकाच पूर्ण वेगाने चालणारा, इन्व्हर्टरसारखा हळू न होणारा), आर-२२ गॅसवाला. घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर उघडा स्लॅब आणि बेडरूमची भिंत पश्चिमेला, नागपूरकरांना पुढचं सांगायला नको. दिवसा हॉलमध्ये कूलर आणि रात्री एसी असं आमचं मार्चपासून चालतं, पण पाऊस सुरू झाला की कूलरची हवा चिकट लागायला लागते आणि मग एसी दिवसाही लागतो. जुन्याचं असं झालं होतं की २२ वर ठेवा की १८ वर, खोली काही २८ च्या खाली येईना, कॉम्प्रेसर बंद व्हायचं नाव नाही आणि दर सीझनला गॅस भरावा लागायचा. गॅस दरवर्षी भरावा लागतोय म्हणजे तो कुठूनतरी निघून जातोय हे उघड आहे, एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो. आमच्या नेहमीच्या मेकॅनिककाकांनी साबणाचा फेस लावून इनडोअरच्या कॉइलला बारीक लीक दाखवला आणि स्वतःच म्हणाले, "भाऊ, कॉइल बदलून देतो मी, पण तुमचे पैसे वाया जातील." स्वतःचं काम सोडून खरं सांगणारा माणूस मिळणं भाग्याचं आहे.

आर-२२ ची गोष्टही लक्षात घ्या. हा गॅस ओझोनच्या थराला खातो म्हणून माँट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद होतोय आणि आपल्याकडे २०२५ पासून नवीन एसीत तो भरायचा नाही असं ठरलेलं आहे. सर्व्हिसिंगला अजून मिळतो, पण भाव वाढत जाणार आणि भेसळीचा गॅसही बाजारात फिरतो, त्यामुळे पंधरा वर्षांच्या मशीनमध्ये नवीन कॉइल टाकून तो जगवण्यात काही अर्थ नव्हता.

आता स्टारचं बघू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. लोक म्हणतात "आमचा जुना पण ५ स्टारच आहे की". अहो पण कुठल्या वर्षाचा? २०१० मध्ये एसीवर स्टारचं लेबल सक्तीचं झालं तेव्हा ५ स्टारला ईईआर, म्हणजे खाल्लेल्या विजेच्या किती पट थंडावा मिळतो तो आकडा, ३.१ असला की झालं, आमच्या ३ स्टारचा २.७ च्या घरातला होता. मग बीईईने, म्हणजे केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने, दर काही वर्षांनी पट्टी वर सरकवली. २०१८ पासून मोजायची पद्धतच बदलून आयएसईईआर, म्हणजे तोच आकडा पण वर्षभराच्या सरासरीवर, आलं, तेव्हा स्प्लिटच्या ५ स्टारला ४.५ लागायचा, जुलै २०२२ पासून ५.० लागायला लागला, आणि आता १ जानेवारी २०२६ पासून पट्टी परत वर गेली, डिसेंबरपर्यंत जो ५ स्टार म्हणून विकला जात होता तो नव्या हिशोबाने साधारण ४ स्टारच्या रांगेत जाऊन बसला. म्हणजे नुसते स्टार मोजण्यात काहीच हशील नाही. लेबलवर दोन गोष्टी बघायच्या, एक तो आयएसईईआरचा आकडा, दुसरी लेबलची मुदत कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत आहे ती. आकडा जेवढा जास्त तेवढी वीज कमी.

ईईआर आणि आयएसईईआर थेट एकमेकांशी तोलू नका हेही सांगतो, दुकानदार सर्रास तोलतात. ईईआर म्हणजे बाहेर ३५ डिग्री असताना मशीन पूर्ण जोरात चालवून घेतलेलं माप. आयएसईईआर म्हणजे आपल्या देशातल्या हवामानाप्रमाणे २४ ते ४३ डिग्रीपर्यंतचे वर्षातले १६०० तास धरून काढलेली सरासरी, त्यात इन्व्हर्टर मशीनला अर्ध्या जोरावर चालण्याचा फायदा मिळतो. लेबलवर वर्षाचे जे युनिट छापलेले असतात तेही याच १६०० तासांचे. तुम्ही रात्री आठ तास चार महिने लावत असाल तर तुमचे हजाराच्या आसपास तास होतात, त्या प्रमाणात आकडा कमी करून बघा.

आणि आता फक्त नागपूर, चंद्रपूर, अकोलावाल्यांसाठी. तो हिशोब ४३ वर थांबतो, आपला मे महिना थांबत नाही. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, ४५-४६ होतं, तेही सावलीत, गच्चीवर ठेवलेल्या आउटडोअरच्या भोवती तर त्याहून जास्त. एवढ्या गरमीत कुठलंही मशीन आपली पूर्ण ताकद देत नाही, दीड टनवाला दुपारी दीड टनासारखा चालत नाही. म्हणून मी दुकानात पहिला प्रश्न हाच विचारला की ४८ डिग्रीला किती वॅट थंडावा देतो ते दाखवा. सेल्समनने आधी वायफाय दाखवलं, मग आवाजावर चालतो ते दाखवलं, मग डिस्काउंट दाखवलं. शेवटी दुकानाचे मालक आले आणि त्यांनी कंपनीचं पत्रक काढून तो आकडा काढून दिला, तेव्हा माझी खात्री पटली. काही कंपन्या हा आकडा स्पष्ट देतात, काही फक्त "५२ डिग्रीतही चालतो" असं लिहितात, चालणं आणि थंड करणं यात खूप फरक आहे हो.

दुकान सीताबर्डीवरचं, नाव देत नाही कारण पुढे इन्स्टॉलेशनबद्दल जे लिहिलंय ते त्यांच्या माथी मारायचं नाहीये, ती माणसं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून आली होती. ब्रँडही मुद्दाम लिहीत नाही, मॉडेल दरवर्षी बदलतात, तुम्ही आकडे बघून घ्या. मी घेतला तो दीड टन, ५ स्टार, आयएसईईआर ५.७, लेबलवर वर्षाला ६८० च्या आसपास युनिट, आर-३२ गॅस, कॉपर कॉइल, ४६ हजारांना पडला. सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, तरी नव्या नियमांच्या मशीनचे भाव थोडे चढलेच आहेत. त्याच दुकानात जुन्या लेबलवाला ५ स्टारही होता, पाच हजारांनी स्वस्त. तो घेऊ नका असं मी म्हणणार नाही, वर्षातून दोन महिनेच लावणाऱ्यांना तो चांगला सौदा आहे, फक्त सेल्समन त्याला "नवीन ५ स्टार" म्हणत होता ते मला आवडलं नाही, मी लेबलवरची मुदत दाखवल्यावर म्हणाला हो सर, मागच्या लॉटचा आहे. वयस्कर माणूस आला असता तर घेऊन गेला असता ना.

३ स्टार का नाही घेतला? तो आठेक हजारांनी स्वस्त होता. पण महावितरणचं बिल बघा. ३०० युनिटच्या वर गेलात की दर एकदम चढतो, ५०० च्या वर अजून, त्यात वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क, आमच्याकडे वरच्या टप्प्यातला युनिट सगळं धरून पंधरा रुपयांच्या पुढे जातो. घरातले पंखे, फ्रिज, कूलर, मोटर यांनी खालचे स्वस्त टप्पे आधीच खाल्लेले असतात आणि एसीचे युनिट वरच्या महाग टप्प्यात येऊन पडतात. म्हणून एसीने वाचवलेला युनिट म्हणजे सगळ्यात महागडा युनिट वाचतो, सरासरी दराने हिशोब करणारे इथेच चुकतात. दोन्ही मशीनमध्ये लेबलप्रमाणे पावणेदोनशे युनिटचा फरक होता, म्हणजे आम्हाला तीन-चार उन्हाळ्यांत ते आठ हजार परत. ज्यांचं बिल ३०० च्या आतच असतं त्यांना एवढा फायदा दिसणार नाही, त्यांनी ३ स्टार बघायला हरकत नाही.

आता इन्स्टॉलेशन, माझ्या मते या सगळ्या खरेदीतला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग.

"फ्री इन्स्टॉलेशन" असं दुकानात मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, त्यात फक्त हात लावायची मजुरी फ्री. आउटडोअरचं स्टँड वेगळं, भोक पाडायचे वेगळे, सोबत आलेल्या पाइपच्या वर लागेल तो कॉपर पाइप फुटाप्रमाणे वेगळा, ड्रेन पाइप वेगळा. आमचे चार हजारांच्या वर गेले. हे आधी विचारून घ्या आणि दर कागदावर लिहून घ्या.

दोन मुलं आली, त्यातला मोठा म्हणाला की जुना पाइप भिंतीतून गेलेलाच आहे, तोच वापरू, तुमचा खर्च वाचेल. ऐकायला चांगलं वाटतं. पण आर-३२ चं प्रेशर आर-२२ पेक्षा दीडपटीहून जास्त असतं, आणि जुन्या गॅसबरोबरचं मिनरल ऑइल आत पाइपला चिकटलेलं असतं, नव्या मशीनचं ऑइल वेगळं, त्या दोघांचं जमत नाही. पंधरा वर्षं जुना पाइप, कुठे पातळ झालाय कोण सांगणार. मी म्हटलं नवीनच टाका. भिंतीत पुन्हा छिन्नी मारावी लागली, आईने दोन दिवस धूळ पुसली, पण हे करणं गरजेचंच होतं.

मग आला व्हॅक्यूमचा विषय. पाइप जोडल्यावर आत हवा आणि दमटपणा राहतो, तो पंप लावून पूर्ण ओढून काढायचा असतो, मगच आउटडोअरचे व्हॉल्व्ह उघडून गॅस सोडायचा. ही दोघं पंप न आणताच आली होती! म्हणे थोडा गॅस सोडला की हवा आपोआप बाहेर निघते. "काही होत नाही भाऊ, सगळीकडे असंच बसवतो आम्ही." सगळीकडे असंच बसवतात म्हणूनच तर सगळीकडे दोन वर्षांत गॅसच्या तक्रारी. एक तर मशीनमध्ये मोजून भरलेला गॅस असा वाया जातो, दुसरं म्हणजे हवा पूर्ण निघत नाही आणि आत राहिलेलं पाणी ऑइलमध्ये मिसळून कॉम्प्रेसर खातं, आणि आर-३२ हा थोडा का होईना पेट घेणारा गॅस आहे, तो बंद बाल्कनीत सोडायचा नसतो. मी शांतपणे सांगितलं की पंप आल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडायचा नाही, आणि त्यांच्यासमोरच कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. दुसऱ्या दिवशी एक दुसराच टेक्निशियन आला, पंप घेऊन.

हा माणूस मात्र कामात पक्का होता, त्याचं काम बघत राहावंसं वाटलं. पहिल्या दोघांनी केलेला पाइपच्या तोंडाचा फ्लेअर, म्हणजे जोडासाठी पसरवलेली कड, त्याने कापून परत केला, बोटाने आतून फिरवून बघितला, नटला दोन बाजूंनी दोन पाने लावून आवळला म्हणजे पाइप पिळला जात नाही. पंप लावला, गेजचा काटा शून्याच्या खाली पार टोकाला गेला, तरी अर्धा तास चालू ठेवला. मग पंप बंद करून नुसता थांबला. काटा तिथेच राहतोय का परत वर येतोय ते बघत. नाही हलला. मगच अॅलन-कीने व्हॉल्व्ह उघडले आणि प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बॅटरीच्या उजेडात बुडबुडा शोधला. जाताना ड्रेन पाइपचा उतार बाटलीभर पाणी ओतून दाखवला. असं काम बघितलं की पैसे देताना वाईट वाटत नाही, मी त्याच्याबद्दल कंपनीला चांगला मेल लिहिलाय आणि पहिल्या दोघांबद्दलही लिहिलाय, दुसऱ्या मेलचं उत्तर अजून आलेलं नाही.

आउटडोअर आधी पश्चिमेच्या भिंतीवर होता, तो उत्तरेकडे घेतला. दुपारी तीनच्या उन्हात तापलेल्या आउटडोअरकडून गारव्याची अपेक्षा करायची नाही. त्याला जाळी-पेटी करून कोंडूही नका, बऱ्याच घरी दिसण्यासाठी म्हणून झाकतात, मग त्याचीच गरम हवा तो परत ओढतो. वरून छोटं शेड चालेल, समोर आणि मागे मोकळं हवं. यासोबत गच्चीवर पांढरा कोट मारून घेतला, स्लॅब रात्री जी आग ओकायचा ती बरीच कमी झाली. इलेक्ट्रिशियनकडून एसीची वायर बदलून घेतली, ४ स्क्वेअर एमएमची, वेगळा एमसीबी आणि अर्थिंग तपासून. अर्थिंग नीट नसेल तर इन्व्हर्टर एसीचं पीसीबी, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, उडायला वेळ लागत नाही.

आता रिझल्ट. सॉकेटला मीटर लावून बघितलं. जुना कॉम्प्रेसर चालू असताना तासाला पावणेदोन युनिटच्या वर ओढायचा आणि तो बहुतेक वेळ चालूच असायचा. नवीन सुरुवातीचा अर्धा तास जोरात चालतो, तेव्हा दीड किलोवॅटपर्यंत जातो, मग खोली गार झाली की हळूहळू उतरत ३००-४०० वॅटवर येतो आणि रात्रभर तिथेच गुणगुणत राहतो. मे महिन्यातल्या रात्री आठ तासांना साडेचार-पाच युनिट, जून अखेरीस पाऊस पडल्यावर साडेतीन. जुना अशाच रात्री बारा-तेरा खायचा. मेचं बिल मागच्या मेपेक्षा जवळपास दोनशे युनिटनी कमी आलं, आणि ते दोनशे वरच्या टप्प्यातले. त्यातला काही वाटा गच्चीच्या रंगाचा आणि आउटडोअर हलवण्याचाही आहे हे प्रामाणिकपणे धरायला हवं, सगळं श्रेय ५.७ ला नाही.

आम्ही २६ वर ठेवतो आणि पंखा एकवर. नवीन मशीन चालू केलं की २४ वरच उघडतं, २०२० पासून सगळ्याच स्टारवाल्या एसींना ते बंधनकारक आहे, बीईईच्या म्हणण्याप्रमाणे एक डिग्री वाढवली की साधारण सहा टक्के वीज वाचते. बाबांना गुडघ्याचा त्रास, आधी पहाटे उठून एसी बंद करायचे, परत गरम झालं की चालू करायचे, झोपेचं खोबरं. आता सलग झोपतात. माझ्यासाठी बिलापेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. टर्बोवर टाकला तर इनडोअरचा आवाज चांगलाच येतो. रिमोटला लाइट नाही, एवढ्या पैशात द्यायला हवा होता. जुलैत २६ वर कॉम्प्रेसर इतका हळू चालतो की गार वाटतं पण दमटपणा पूर्ण जात नाही, गादी ओलसर लागते, तेव्हा ड्राय मोडवर टाकावा लागतो. अॅप मी एकदा टाकलं आणि काढून टाकलं, लोकेशनची परवानगी कशाला हवी एसीला. आणि वॉरंटी बारीक वाचा, कॉम्प्रेसरला दहा वर्षं मोठ्या अक्षरात असतं, पूर्ण मशीनला बऱ्याचदा एकच वर्ष असतं, खरा खर्च असतो पीसीबीचा. आमच्याला पीसीबीवर पाच वर्षं आहेत म्हणूनच हे मॉडेल निवडलं. आउटडोअरच्या पीसीबीच्या डब्यात पाल शिरून बोर्ड जळणं ही आपल्याकडची नेहमीची भानगड आहे, टेक्निशियनला सांगून तिथली वायरची फट बंद करून घ्या.

राहिला जुना एसी. दुकानदार एक्सचेंजमध्ये साडेतीन हजार देत होता, भंगारवाला तांब्यासाठी त्याहून जास्त द्यायला तयार होता. पण तो काय करतो मी गल्लीत बघितलंय, पाइप कचकन कापतो आणि फुस्स करून सगळा गॅस हवेत. लीक असला तरी आमच्या मशीनमध्ये मागच्या सीझनचा बराच गॅस शिल्लक होता, आर-२२ ओझोनचंही नुकसान करतो आणि कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट उष्णता धरतो. म्हणून काढायच्या आधी मेकॅनिककाकांकडून पंप-डाउन करून घेतलं, म्हणजे मशीन चालू ठेवून एक व्हॉल्व्ह बंद करायचा, सगळा गॅस आउटडोअरमध्ये गोळा झाला की दुसरा बंद करायचा, मग पाइप सोडायचे. दहा मिनिटांचं काम आहे, कोणीही चांगला मेकॅनिक करतो, फक्त सांगावं लागतं. ई-कचऱ्याच्या नियमांत एसी येतो आणि तो नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवा, तशी पावती मी दुकानदाराकडे मागितली. तो म्हणाला आजपर्यंत कोणी मागितली नव्हती, पण आठवड्याने आणून दिली. तुम्ही सीताबर्डीवरून घेणार असाल किंवा कुठूनही, बिल फाडायच्या आधीच मागा, नंतर कोणी ऐकत नाही.